फेरा चुकविणारा वृक्ष

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या लढाया, तह आणि वंशावळी यांजकडेच वाचकांचें मन प्रथम धांवतें. परंतु ज्या वस्तु आपण रोज हाताळतों आणि ज्यांच्याकडे कधींच निरखून पाहत नाहीं, त्यांनाहि इतिहास असतो. आणि पुष्कळदां तो राजांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो. कोणत्याहि कचेरींतील किंवा महाविद्यालयांतील नेटवर्कची पेटी, जिला स्विच म्हणतात, ती पहावी. संगणकाची केबल तिच्या एखाद्या पोर्टांत खोंचली म्हणजे पुष्कळ स्विचांवर तेथील बारीकसा दिवा लगेच हिरवा होत नाहीं. तो आधीं नारिंगी होतो, सुमारें अर्धा मिनिट तसाच राहतो आणि मग हिरवा होतो. ह्या अर्ध्या मिनिटांत संगणकाचा एक शब्दहि पलीकडे जात नाहीं. तार शाबूत आहे, वीज चालू आहे, यंत्र निर्दोष आहे. मग हा खोळंबा कशाचा? हे तीस सेकंद कोठून आले, ते कां आवश्यक झाले, पुढें ते कसे कमी केले गेले, आणि कमी करतांना काय सांभाळावें लागलें, एवढ्याच प्रश्नांचा विचार आम्ही ह्या लेखांत करणार आहों.

ह्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं 'अलोहानेट' नांवाचें, रेडिओच्या लहरींवर चालणारें संगणकांचें जाळें सुरू केलें. त्यांतील युक्ति अगदीं साधी होती: सर्वांनीं एकाच आकाशांत बोलावें; दोघांचें बोलणें एकमेकांवर आदळलें तर प्रत्येकानें थोडें थांबून पुन्हा बोलावें. ह्या युक्तीचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत ता. २२ मे १९७३ रोजीं एक टिपण लिहिलें, आणि त्यांत आपल्या नव्या जाळ्यास 'ईथरनेट' हें नांव दिलें. डेव्हिड बॉग्ज हे ह्या कामांत त्यांचे सहकारी होते. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारें 'ईथर' नांवाचें एक सर्वव्यापी द्रव्य असलें पाहिजे असें एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मानीत. १८८७ सालच्या मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगानें त्या समजुतीचा पाया ढासळला. शास्त्रांतून हद्दपार झालेला हा ईथर कचेरींतील तारेच्या रूपानें पुन्हा अवतरला असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९८० सालीं डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्यांनीं मिळून दर सेकंदास एक कोटि बिटें वाहणाऱ्या ईथरनेटचे नियम प्रसिद्ध केले, आणि १९८३ सालीं 'आयईईई' ह्या अमेरिकन संस्थेनें त्यावर आपली प्रमाणपद्धति उभारली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढील सर्व कथा तिच्यांतूनच निघते. मूळचें ईथरनेट म्हणजे एकच लांब जाड तार, आणि तिला ठिकठिकाणीं लटकलेले संगणक. तारेला दोन टोकें असतात. तींत फेरा कोठून येणार? म्हणून ईथरनेटवर धाडावयाच्या पाकिटावर घेणाराचा पत्ता आणि पाठविणाराचा पत्ता हे दोन्ही असत, परंतु तें पाकीट किती हातांतून गेलें हें लिहिण्यास जागाच ठेविलेली नव्हती. इंटरनेटच्या पाकिटाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर आयुष्याचा एक आंकडा लिहिलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर तो एकानें उणा होतो, आणि शून्य झाला कीं पाकीट नष्ट केलें जातें. ईथरनेटच्या पाकिटास असें मरण नाहीं. ज्या काळीं तार एकच होती, त्या काळीं ह्या अमरत्वाचा कोणास उपद्रव नव्हता.

उपद्रव सुरू झाला तो जाळें वाढूं लागल्यावर. जाड तारेचा एक खंड ५०० मीटरांहून लांब करतां येत नसे. आवाज मोठा करणारीं साधनें मध्यें घालूनहि सर्व पसारा अडीच किलोमीटरांत बसवावा लागे. आणि संगणकांची संख्या १,०२४ च्या वर नेतां येत नसे. मोठ्या संस्थांना हें अपुरें पडूं लागलें. ह्यावर खरा उपाय म्हणजे वरच्या थरावर, मार्ग शोधणाऱ्या यंत्रांकडून, एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत पाकिटें नेणें हा होय. परंतु ईथरनेटच्या यशामुळें पुष्कळांची अशी समजूत झाली होती कीं, ईथरनेट म्हणजेच संपूर्ण नेटवर्क. आणि त्यांनीं आपले कार्यक्रम वरचा थर गाळून थेट ईथरनेटवरच लिहिले होते. असे कार्यक्रम एका तारेच्या बाहेर जाऊं शकत नसत. तेव्हां डिजिटल कंपनींत मार्क केम्फ यांनीं एक सेतुयंत्र तयार केलें. दोन तारांच्या मध्यें तें बसे आणि दोन्हीकडील बोलणें ऐके. कोणत्या पत्त्याचें पाकीट कोणत्या बाजूनें येतें हें तें मनाशीं टिपून ठेवी. घेणारा त्याच बाजूस असेल तर पाकीट तेथेंच राहूं देई. पलीकडे असेल तर पलीकडे टाकी. आणि घेणाऱ्याचा ठावठिकाणा माहीत नसेल, किंवा पाकीट सर्वांसाठींच असेल, तर मुकाट्यानें पलीकडे पाठवी. संगणकांना ह्याची गंधवार्ताहि नसे. आजचा स्विच हा ह्याच सेतूचा वंशज होय. फक्त दोन तोंडांच्या जागीं त्याला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तोंडें आहेत.

आतां अशी कल्पना करावी कीं, दोन तारांच्या मध्यें एक सेतु आहे, आणि तो बिघडला तर काम अडूं नये म्हणून कोणी शहाण्यानें शेजारीं दुसरा बसविला. हेतु उत्तम, परिणाम भयंकर. सर्वांसाठीं असलेलें एक पाकीट पहिल्या सेतूवरून पलीकडे गेलें. तेथें दुसऱ्या सेतूनें तें ऐकलें आणि अलीकडे आणून टाकलें. तें पुन्हा पहिल्यानें उचललें. आणि असें तें अखंड फिरत राहिलें. सेतु तीन असतील तर प्रकार ह्याहून वाईट. एका पाकिटाचीं पलीकडे तीन पाकिटें होतात, त्या प्रत्येकास उरलेले दोन सेतु परत आणतात, म्हणजे सहा, मग बारा, मग चोवीस. पुराणांतरीं सांगितलेला चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरासुद्धां केव्हां तरी चुकतो अशी आशा असते. ह्या पाकिटांना तीहि नाहीं. कांहीं क्षणांतच सगळी तार ह्या पिशाच्चांनीं भरून जाते आणि खऱ्या कामास जागा उरत नाहीं. शिवाय सेतूंनीं टिपून ठेवलेले पत्तेहि खोटे ठरतात, कारण एकाच संगणकाचा आवाज आतां उजवीकडून आणि डावीकडून दोन्ही बाजूंनीं ऐकूं येतो. ह्यालाच ह्या शास्त्रांत 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म' म्हणजे प्रसारणाचें वादळ असें नांव आहे.

तेव्हां पेंच असा पडला. वाट एकच ठेवावी, तर ती तुटल्यावर सर्वच बंद. वाटा अनेक ठेवाव्या, तर वादळ. ही अडचण सोडविण्याचें काम डिजिटल कंपनींतील वरिष्ठ टोनी लॉक यांनीं राडिया पर्लमन यांजवर सोंपविलें. पर्लमनबाईंचा जन्म १९५१ सालचा. आई व वडील दोघेंहि अमेरिकन सरकारच्या नोकरींत अभियंत्याचें काम करीत. बाईंचें शिक्षण एमआयटी येथें गणितांत झालें, आणि तेथें असतांनाच साडेतीन वर्षांच्या मुलांनासुद्धां संगणक चालवितां यावा अशी एक पद्धति त्यांनीं तयार केली होती. लॉक यांनीं एका शुक्रवारीं हा प्रश्न त्यांच्यापुढें ठेवला, त्यांत 'जाळें कितीहि वाढलें तरी प्रत्येक सेतूला लागणारी स्मृति वाढतां कामा नये' अशी कडक अट घातली, आणि स्वतः आठवडाभराच्या रजेवर गेले. पर्लमनबाई सांगतात कीं, त्याच रात्रीं त्यांना उत्तर सुचलें; सोमवारीं व मंगळवारीं त्यांनीं तें लिहून काढलें; आणि वरिष्ठ परत येईपर्यंत उरलेल्या वेळांत, जॉइस किल्मर यांच्या 'ट्रीज' ह्या प्रसिद्ध कवितेच्या धर्तीवर, आपल्या वृक्षावर एक कविता रचली. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ती कविताहि छापली आहे.

ह्या उत्तराचें सार एका शब्दांत सांगतां येतें, आणि तो शब्द 'वृक्ष' हा होय. गणिताच्या भाषेंत वृक्ष म्हणजे अशी जोडणी, कीं जींत कोणत्याहि दोन ठिकाणांमध्यें एकच वाट असते. एकहि कमी नाहीं आणि एकहि अधिक नाहीं. वडाचा दृष्टांत मात्र येथें चालणार नाहीं; त्याच्या पारंब्या पुन्हा जमिनींत शिरतात आणि फेरे तयार करतात. दहा गांवें जोडावयाचीं तर वृक्षाला बरोबर नऊ तारा लागतात; दहावी तार घातली कीं फेरा झालाच. सर्वांस व्यापणारा असा वृक्ष कमींत कमी खर्चांत कसा काढावा हा प्रश्न नवा नव्हता. चेकोस्लोव्हाकियांतील गणिती ओटाकार बोरूव्का यांनीं मोराव्हिया प्रांतांत विजेच्या तारा नेण्याच्या निमित्तानें तो १९२६ सालींच सोडविला होता. परंतु बोरूव्का यांच्यापुढें साऱ्या प्रांताचा नकाशा होता. पर्लमनबाईंच्या सेतूंपाशीं नकाशा नाहीं. प्रत्येकास फक्त आपल्या शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येतें. कोणी धनी नाहीं, कोणी सरदार नाहीं. आणि तरीहि सर्वांनीं मिळून एकाच वृक्षावर येऊन ठेपावयाचें आहे. खरी करामत आहे ती ह्यांत.

ती अशी साधली जाते. प्रत्येक सेतूस एक क्रमांक असतो. आरंभीं प्रत्येक सेतु 'मीच मूळ' असें पुकारतो. शेजाऱ्याकडून आपल्याहून लहान क्रमांकाचें नांव ऐकूं आलें कीं तो आपला दावा सोडतो आणि त्या लहान क्रमांकाचें नांव पुढें सांगूं लागतो. थोड्याच वेळांत सर्वांच्या तोंडीं एकच नांव येतें. तो वृक्षाचा मूळ. मग प्रत्येक सेतु मुळापर्यंतची आपली सर्वांत स्वस्त वाट निवडतो; प्रत्येक तारेवर मुळाला जवळचा असा एकच सेतु बोलण्याचा अधिकारी ठरतो; आणि ज्या तोंडांचा ह्या व्यवस्थेंत उपयोग नाहीं तीं तोंडें गप्प बसतात. गप्प म्हणजे मृत नव्हे. बंद केलेलें पोर्ट पाकिटें नेत नाहीं, परंतु निरोप ऐकत राहतें. मूळ दर दोन सेकंदांनीं 'मी आहें' असा निरोप पाठवितो. हे निरोप वीस सेकंद थांबले तर ज्या वाटेनें ते येत होते ती तुटली असें समजून बंद पोर्ट कामास लागतें. म्हणजे जास्तीच्या वाटा तोडावयाच्या नाहींत, निजवून ठेवावयाच्या. आणि गरज पडली कीं जागवावयाच्या. हीच पद्धति थोड्याफार फरकानें १९९० सालीं आयईईईनें '८०२.१डी' ह्या नांवानें प्रमाण मानली.

आतां त्या तीस सेकंदांकडे वळूं. वृक्ष ठरेपर्यंत सर्व पोर्टें उघडीं ठेवलीं तर ठरविण्याच्या आधींच वादळ उठेल. म्हणून नियम असा केला कीं, नवें पोर्ट जागें झालें कीं त्यानें प्रथम पंधरा सेकंद केवळ ऐकावें, म्हणजे दूरच्या सेतूंपर्यंत बातमी पोंचून ज्यांनीं बंद व्हावयाचें ते बंद होतील. नंतर आणखी पंधरा सेकंद त्यानें पत्ते शिकावे, परंतु पाकिटें पुढें नेऊं नयेत, म्हणजे उघडल्याबरोबर अज्ञात पत्त्यांचा लोंढा सर्वत्र सुटणार नाहीं. पंधरा आणि पंधरा मिळून तीस. आणि दूर कोठें तरी वाट तुटली असेल तर ती तुटली हें कळण्याचे वीस मिळवून पन्नास. हे आंकडे, जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातांहून अधिक सेतु नसतील, ह्या अंदाजावर बसविलेले आहेत. म्हणजे हा विलंब आळसाचा नव्हे, सावधपणाचा होय. उत्तर विचारण्याची सोय नाहीं तेव्हां माणूस घड्याळ पाहतो. 'एवढ्या वेळांत सर्वांना कळलेंच असेल' असें म्हणतो आणि मग पाऊल टाकतो. हे सेतु नेमकें तेंच करीत.

१९८५ सालीं ह्या तीस सेकंदांविषयीं कोणाचीहि तक्रार असण्याचें कारण नव्हतें. सेतु थोडे, त्यांना तोंडें दोन, आणि ते वर्षांतून कितीसे वेळां चालू-बंद होणार? संगणक तर तारेला लटकलेले. संगणक सुरू झाला म्हणून सेतूचें तोंड जागें होत नसे. परंतु १९९० च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. एक, जाड तारेच्या जागीं टेलिफोनच्या तारेसारखी पिळाची तार आली, आणि तिच्या प्रमाणपद्धतीस त्याच वर्षीं मान्यता मिळाली. प्रत्येक संगणकास आतां मध्यवर्ती पेटीपासून स्वतंत्र तार जाऊं लागली. दुसरी, त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील एका कंपनीनें सात तोंडांचा ईथरनेट स्विच बाजारांत आणला. ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते, आणि त्यांनीं कंपनीस आपल्या पत्नीचें 'कल्पना' हें नांव दिलें होतें. ईथर ह्या मृत कल्पनेचें नांव धारण करणाऱ्या जाळ्यास पहिला स्विच 'कल्पना' कंपनीनें द्यावा हा योगायोग मौजेचा खरा. १९९४ सालीं सिस्को कंपनीनें ती विकत घेतली.

परिणाम असा झाला कीं, सेतूसेतूंच्या व्यवहारासाठीं केलेला नियम आतां प्रत्येक मेजाला लागू झाला. सकाळीं कारकुनानें संगणक सुरू केला कीं स्विचचें पोर्ट जागें होई, आणि हा कोणी नवा सेतु तर नसेल, ह्या संशयानें तीस सेकंद कान देऊन बसे. जोंवर संगणकच मंदगति होते तोंवर हें खपून गेलें. यंत्र उठून बसेपर्यंत तीस सेकंद सरून जात. यंत्रें चपळ झालीं तेव्हां मात्र तीं उठतांच पत्ता मागूं लागलीं. पत्ता देणारा सर्व्हर बंद दाराच्या पलीकडे. कांहीं वेळां हांका मारून यंत्र थके, आणि १६९.२५४ नें आरंभ होणारा एक निरुपयोगी पत्ता स्वतःच घेऊन बसे. ज्या यंत्रांना स्वतःची डिस्क नाहीं आणि जीं नेटवर्कवरूनच सुरू होतात, तीं तर सुरूच होत नसत. कारकून म्हणे नेटवर्क बिघडलें. तंत्रज्ञ येऊन पाही तों सर्व कांहीं ठीक. ज्या रोगाचीं लक्षणें वैद्य येईपर्यंत नाहींशीं होतात, त्या रोगाइतका त्रासदायक रोग नाहीं.

येथें मोह उत्पन्न होतो, आणि तो आम्हीं प्रत्यक्ष पाहिला आहे. एका महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेंत तासाच्या आरंभीं चाळीस यंत्रें एकदम सुरू होत आणि त्यांतील निम्मीं पत्त्यावांचून राहत. विद्यार्थी कुरकुरले, शिक्षक कुरकुरले. तेव्हां तेथील तंत्रज्ञानें सगळ्या स्विचांवरील वृक्षाची व्यवस्थाच बंद करून टाकली. तक्रार एका दिवसांत मिटली आणि त्याची वाहवा झाली. पुढें महिनाभरानें एका मेजाखालीं लोंबकळणारें केबलचें मोकळें टोंक कोणा विद्यार्थ्यानें नीटनेटकेपणाच्या हौसेनें भिंतींतील रिकाम्या सॉकेटांत बसविलें. दुसरें टोंक आधींच शेजारच्या सॉकेटांत होतें. त्या दिवशीं प्रयोगशाळाच नव्हे, तर परीक्षा-विभाग आणि ग्रंथालयसुद्धां दुपारभर मुके झाले. विद्यार्थ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या पहारेकऱ्यानें त्याची चूक निरुपद्रवी केली असती, त्यालाच आधीं घरीं पाठविलें होतें. भीक नको पण कुत्रा आवर, हें म्हणणें ठीक. परंतु कुत्रा आवरणें निराळें आणि मारणें निराळें.

आवरण्याचा पहिला मार्ग सिस्को कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत काढला, आणि त्यास 'पोर्टफास्ट' असें नांव दिलें. त्यामागील विचार इतका साधा आहे कीं, तो आधींच कोणास कसा सुचला नाहीं असें वाटावें. फेरा कोणामुळें होतो? ज्याला दोन तोंडें आहेत आणि जो एका तोंडानें घेतलेलें दुसऱ्या तोंडानें टाकतो त्याच्यामुळें. मेजावरील संगणक हा वृक्षाचें पान होय; पानांतून पुढें फांदी फुटत नाहीं. तेव्हां ज्या पोर्टावर पानच आहे अशी व्यवस्थापकाची खात्री आहे, तें पोर्ट ऐकणें व शिकणें हे दोन्ही टप्पे गाळून तत्काळ उघडावें. पुष्कळांचा असा गैरसमज आहे कीं, पोर्टफास्ट म्हणजे त्या पोर्टावरील पहारा उठविणें. तसें मुळींच नाहीं. असें पोर्ट आपले निरोप पाठवीतच असतें. आणि समोरून दुसऱ्या सेतूचा निरोप आला तर तें आपली सवलत सोडून सामान्य पोर्टाप्रमाणें वागूं लागतें. त्याचें म्हणणें एवढेंच कीं, 'आधीं दार उघडतों, मग चौकशी करतों.' मात्र उघडणें आणि चौकशी यांच्यामधील त्या थोड्या क्षणांत फेरा होऊं शकतो. म्हणून त्याला 'बीपीडीयू गार्ड' ह्या दुसऱ्या नियमाची जोड दिली. पानाच्या जागीं सेतूचा निरोप ऐकूं आला कीं तें पोर्ट सरळ बंदच करावयाचें, आणि व्यवस्थापकानें येऊन पाहीपर्यंत, किंवा त्यानें नेमून दिलेली मुदत संपेपर्यंत, उघडावयाचें नाहीं. विश्वास ठेवावयाचा, परंतु विश्वासघाताचें पहिलें चिन्ह दिसतांच तो काढून घ्यावयाचा. ह्या दोन नियमांचें लग्न लावल्यावांचून पहिला वापरूं नये असा अनुभवी लोकांचा सांगावा आहे. याउलट 'बीपीडीयू फिल्टर' म्हणून जो एक पर्याय असतो तो निरोपांचें येणें-जाणेंच बंद करूं शकतो. म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून पहारा देण्यासारखें होतें.

पोर्टफास्टनें पानांची सोय झाली. फांद्यांचे तीस आणि पन्नास सेकंद तसेच राहिले. त्यांवरील उपाय २००१ सालीं आयईईईनें '८०२.१डब्ल्यू' ह्या नांवानें मान्य केला. त्यास 'रॅपिड स्पॅनिंग ट्री', म्हणजे जलद वृक्षपद्धति, असें म्हणतात. तिच्यांतील मुख्य फरक हा कीं, घड्याळाच्या जागीं संभाषण आलें. दोन स्विचांमधील दुवा जागा झाला कीं वरचा स्विच खालच्यास विचारतो, 'मी तुझ्याकडील दार उघडूं काय?' खालचा स्विच आधीं आपलीं इतर दारें, पानांकडील सोडून, लोटून घेतो, म्हणजे त्याच्या पाठीमागें फेरा राहण्याचा संभवच नाहीं. आणि मग 'उघड' असें उत्तर देतो. नंतर तोच प्रश्न तो आपल्या खालच्यास विचारतो, आणि अशी संमति मुळापासून टोंकापर्यंत उतरत जाते. शिवाय मुळाकडील वाट तुटली तर दुसरी कोणती घ्यावयाची हें प्रत्येक स्विच आधींच ठरवून ठेवतो. निरोपांची वाट वीस सेकंद पाहण्याऐवजीं तीन निरोप चुकले, म्हणजे सहा सेकंद झाले, कीं शेजारी गेला असें मानतो. तारच तुटली असेल तर तेवढेंहि थांबत नाहीं. जेथें मिनिट लागे तेथें आतां बहुधा एक सेकंदहि पुरतो. २००४ सालच्या आवृत्तींत जुनी पद्धति गाळून हीच तिच्या जागीं घातली गेली.

ह्या नव्या पद्धतींतहि पानांची गोष्ट विसरून चालत नाहीं, हें विशेष आहे. संगणकास ही भाषा येत नाहीं. 'दार उघडूं काय' ह्या प्रश्नास तो उत्तर देत नाहीं. उत्तर न आल्यास स्विच पुन्हा जुन्या घड्याळाकडे वळतो आणि तेच तीस सेकंद मोजतो. म्हणून ह्या प्रमाणपद्धतीनें पोर्टफास्टचा विचार 'एज पोर्ट', म्हणजे कडेचें पोर्ट, ह्या नांवानें आपल्यांत सामावून घेतला. जलद वृक्षपद्धति घेतली, आतां कडा दाखविण्याची गरज नाहीं, असें समजणाऱ्यांना सकाळचा नारिंगी दिवा पुन्हा भेटतो तो ह्यामुळें.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील तर त्यास बोस्टन शहरांतील बेथ इझ्रायल डीकनेस रुग्णालयाची हकीकत सांगितली पाहिजे. १९९६ सालीं दोन जुनीं रुग्णालयें एक होऊन ही संस्था बनली होती. तिचें जाळें वर्षानुवर्षें तुकड्याला तुकडा जोडीत वाढलें होतें, आणि कांहीं भागांत सात सेतूंची मर्यादा केव्हांच ओलांडली गेली होती. ता. १३ नोव्हेंबर २००२ रोजीं जाळ्यावर एकदम भार आला; वृक्ष राखणारे निरोप वेळेवर पोंचेनात; व्यवस्था कोलमडली आणि फेरे सुरू झाले. सुमारें चार दिवस रुग्णालयाचें काम कागदावर चाललें. औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासणीचे निकाल माणसांकरवीं हातोहात पोंचवावे लागले. आणि तरुण डॉक्टरांपैकीं कित्येकांनीं कागदावर असें काम पूर्वीं कधीं केलेंच नव्हतें. तेथील संगणक-विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनीं ही सर्व हकीकत झांकून न ठेवतां जगापुढें मांडली, हा त्यांचा मोठेपणा होय. ज्या आंकड्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं, त्यांच्यावर रोग्यांची शुश्रूषा अवलंबून असते, हें त्या चार दिवसांनीं दाखवून दिलें.

स्वतः पर्लमनबाई आपल्या ह्या सुप्रसिद्ध कृतीविषयीं फारशा समाधानी नाहींत, हें पुष्कळांना नवल वाटेल. त्यांचें म्हणणें असें कीं, सेतु ही मुळांत तात्पुरती सोय होती. वरच्या थराचा योग्य उपयोग लोक करूं लागले कीं ती सुटावयाची होती. शिवाय वृक्षपद्धतींत चांगल्या तारा निजून राहतात आणि रहदारीस पुष्कळदां वळसा घ्यावा लागतो. म्हणून त्यांनींच २००४ सालीं नव्या पद्धतीचा विचार मांडला. त्यांतून 'ट्रिल' ही पद्धति निघाली आणि २०११ सालीं तिचे नियम प्रसिद्ध झाले. तींत पाकिटावर टप्प्यांची संख्या लिहिण्यास जागा ठेविली आहे. १९७३ सालीं जी जागा ठेवण्याचें कारण नव्हतें, ती अशा रीतीनें अडतीस वर्षांनीं भरून निघाली. मोठमोठ्या माहितीकेंद्रांनीं आपापल्या सोयीनें वरच्या थराचा मार्ग धरला आहे, आणि तेथें वृक्षाचें राज्य पुष्कळ आटोपलें आहे. तथापि कचेऱ्या, शाळा, रुग्णालयें, कारखाने यांतील असंख्य पेट्यांत तो अजून उभा आहे. तात्पुरती म्हणून बांधलेली झोंपडी कायमची वस्ती होऊन बसावी, हें केवळ यंत्रांच्याच इतिहासांत घडतें असें नाहीं.

हा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट आमच्या मनावर ठसते. विलंब आणि सुरक्षितता यांचें भांडण लागलें म्हणजे सामान्य माणसास दोनच पक्ष दिसतात: सर्वांनीं थांबावें, किंवा कोणीहि थांबूं नये. ह्या यंत्रांच्या कर्त्यांनीं तिसरा पक्ष दाखविला. ज्याच्याकडून अपाय होणेंच शक्य नाहीं त्याला थांबवूं नये, परंतु त्याच्यावरची नजर काढूं नये. आणि ज्याच्याकडून अपाय शक्य आहे त्याला नुसतें तिष्ठत न ठेवतां विचारावें, त्याचें उत्तर ऐकावें आणि मग दार उघडावें. पहिल्यास ओळख लागते, दुसऱ्यास संभाषण लागतें. आणि जेथें ह्या दोहोंपैकीं एकहि नाहीं तेथेंच घड्याळाकडे पाहत बसण्याची पाळी येते. तेव्हां यापुढें एखाद्या सकाळीं तो नारिंगी दिवा दिसला तर वाचकांनीं यंत्रावर रागावूं नये. समोर कोण आहे हें त्यास कोणी सांगितलेलें नाहीं, म्हणून तें बिचारें १९८५ सालच्या सावधपणानें कान देऊन बसलें आहे. त्याला समोरच्याची ओळख करून द्यावी. पहारा मात्र उठवूं नये.